रोजचा दिवस आणि हातातलं काम: एकाच वहीत लिहायला सुरुवात कशी करावी

माझ्या कपाटात तीन वह्या आहेत. तिन्हींची पहिली दहा-बारा पानं भरलेली आणि पुढची कोरी. तिन्ही जवळजवळ एकाच वाक्याने सुरू होतात: आजपासून रोज लिहायचं. पुढच्या पानांवर दिवसाबद्दलची मतं आहेत. बरा गेला, कंटाळवाणा गेला, काम झालं नाही, उद्यापासून नीट करायचं. आज ती पानं उघडली तर त्यातला एकही दिवस मला आठवत नाही.

चौथी वही मात्र भरली, आणि तिच्यामागून आणखी बऱ्याच भरल्या. फरक पडला तो एका थकलेल्या रात्री. मत मांडायचंही त्राण नव्हतं, म्हणून मी दोनच गोष्टी लिहिल्या. जिन्यातला मिणमिणता दिवा आज कुणीतरी बदलला. चित्रातल्या आभाळाला कागद ओला असतानाच दुसरा हात दिला, रंगाचा चिखल झाला. एवढंच. वर्षभराने ते पान वाचलं आणि तो दिवस सगळाच्या सगळा परत आला: नव्या उजेडात दिसलेल्या भिंतीवरच्या भेगा, ओल्या कागदाचा वास, चित्र बाजूला सारून झोपायला जातानाची चिडचिड. यातलं काहीच मी लिहून ठेवलं नव्हतं.

म्हणून रोज लिहू पाहणाऱ्या कुणालाही मी आधी हेच सांगते. दिवस कसा गेला ते लिहू नका. दिवसात काय दिसलं आणि हातून काय झालं ते लिहा. काय वाटलं, ते या दोन गोष्टींच्या आधाराने आपोआप वर येतं. नुसतं वाटणं लिहिलं तर महिन्याभराने ते कुणाचंही असू शकेल इतकं सपाट होऊन जातं. खालच्या सगळ्या पायऱ्या यासाठीच आहेत.

## आधी वही

वही एकच ठेवा. जगण्याची रोजनिशी वेगळी आणि चित्रांची, कवितांची, विणकामाची, रियाजाची टिपणवही वेगळी, असा मोह नवख्यांना हमखास होतो. मलाही झाला होता. दोन वह्या म्हणजे रोज दोन निर्णय. दमलेल्या माणसाला एकही निर्णय नको असतो. शिवाय दिवस आणि काम शेजारी शेजारी लिहिले की त्यांचे एकमेकांतले धागे दिसतात, आणि ते धागे वेगवेगळ्या वह्यांत कधीच सापडत नाहीत. याचं माझं उदाहरण पुढे येईल.

वही साधी घ्या. फार देखणी वही आणली की पहिल्या पानावर खोडायची भीती वाटते. खोडाखोड तर होणारच, आणि ती व्हायला हवी. शंभर-दोनशे पानांची, पिशवीत मावेल इतकी, सपाट उघडून राहणारी असली म्हणजे झालं. फोनवर किंवा संगणकावर लिहिलं तरी काही बिघडत नाही. फक्त एक फाईल, एकच जागा, आणि लिहिताना नोटिफिकेशन बंद. फोनवर शोधणं सोपं जातं, कागदावर टिकून लिहिणं. पहिले दोन-तीन महिने कागद घ्या असं मी म्हणेन. कागदावर तुमच्या वहीशेजारी दुसरं काहीच उघडता येत नाही, हा त्याचा मोठा फायदा.

पहिलं पान कोरं सोडा. त्यावर प्रतिज्ञा लिहू नका. ते पान पुढे कामाला येणार आहे.

## वेळ ठरवू नका, जागा आणि खूण ठरवा

‘रोज रात्री दहाला लिहीन’ हे ठरवणं सोपं असतं आणि मोडणंही. घड्याळातले दहा कधी वाजून जातात ते कळत नाही. त्याऐवजी रोज न चुकता होणाऱ्या एखाद्या गोष्टीच्या शेपटाला लिखाण बांधा. दाराला रात्रीची कडी घातली की वही. चष्मा काढून ठेवण्याआधी वही. सकाळी अंथरुणाची घडी झाली की वही. ‘अमुक झालं की तमुक करीन’ अशा शब्दांत ठरवलेली गोष्ट नुसत्या इराद्यापेक्षा जास्त वेळा तडीस जाते. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी १९९० च्या दशकात या साध्या कल्पनेवर बरंच काम केलं. वही त्या खुणेजवळच ठेवा, उघडीच ठेवलीत तर उत्तम, आणि पेन वहीतच. पेन शोधायला दुसऱ्या खोलीत गेलेला माणूस लिहायला परत येतोच असं नाही.

सवय २१ दिवसांत लागते, हे सगळ्यांच्या तोंडी आहे. त्याचा उगम १९६० सालचा. मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या लक्षात आलं की शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याला सरावायला रुग्णांना किमान २१ दिवसांच्या आसपास लागतात. यातला ‘किमान’ हा शब्द पुढे गळून पडला, आणि चेहऱ्याला सरावणं व सवय लागणं या दोन गोष्टींची गल्लत झाली. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास २०१० मध्ये छापून आला. रोज एक नवी साधी गोष्ट करायची, आणि ती किती आपोआप होऊ लागली आहे हे नोंदवायचं, असं त्याचं स्वरूप होतं. त्यात सवय स्थिरावायला लागणारा काळ १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेला निघाला, मधला आकडा ६६. तेव्हा विसाव्या दिवशीही वही उघडायचा कंटाळा येत असेल, तर तुमच्यात काही कमी आहे असं समजू नका. दोन-अडीच महिने धरून चाला.

एका बैठकीला दहा मिनिटं. टायमर लावा आणि दहा मिनिटं झाली की थांबा, वाक्य अर्धं राहिलं तरी थांबा. सुरुवातीच्या उत्साहात तासभर लिहिलं की दुसऱ्या दिवशी मन तेवढाच तास मागतं, तो मिळत नाही, आणि वही बंद पडते. माझ्या पहिल्या तीन वह्या मतांनी सपाट केल्या हे खरं, पण त्यांना बंद पाडलं ते या तासाभराच्या बैठकींनी. वाढवायचं असेल तर महिन्यानंतर वाढवा.

## पहिली रात्र: तीन ओळी

वर तारीख आणि वार. वाराचा उपयोग आत्ता वाटत नाही, पण वर्षभराने मंगळवार कसे जातात ते दिसायला लागतं. मग तीन ओळी:

दिसलं.
केलं.
अडलं.

‘दिसलं’मध्ये दिवसातली एक गोष्ट. एकच. ऐकलेली, हाताला लागलेली, वासाने कळलेलीही चालेल. ‘केलं’मध्ये तुमच्या सर्जनशील कामात आज काय झालं ते. पाच मिनिटंच बसला असाल तर तेवढंच. ‘अडलं’मध्ये काम कुठे थांबलं आणि का. बस. पहिला आठवडा एवढंच लिहा, प्रत्येकी एक ओळ.

या तीन ओळी दिसतात सोप्या, पण पहिली ओळ लिहितानाच बहुतेकांचा हात मताकडे वळतो. म्हणून तिथे थोडं थांबू या.

समजा तुम्ही लिहिलं: ‘बसला खूप गर्दी होती, वैताग आला.’ यात गर्दी कुठलीही आहे आणि वैतागही कुठलाही. स्वतःला विचारा, म्हणजे नक्की काय दिसलं? मग हळूहळू आठवतं: ‘उभ्या असलेल्या बाईंच्या हातात काचेची बरणी होती. प्रत्येक वळणाला त्या आधी बरणी सावरत होत्या, मग स्वतःला.’ या वाक्यात ‘गर्दी’ हा शब्दच नाही, तरी गर्दी आहे.

किंवा ‘आईशी बोलून बरं वाटलं.’ म्हणजे काय झालं? ‘फोन ठेवायच्या आधी आई तीनदा “बरं मग” म्हणाली आणि तिन्ही वेळा नवा विषय काढला.’ वीस वर्षांनी तुम्हाला यातली कुठली ओळ वाचायला आवडेल, याचा विचार करून पाहा.

छान, सुंदर, मस्त, वाईट, भयंकर, विचित्र. लिहिताना असा शब्द आला की त्याच्याखाली एक रेघ मारा. खोडू नका. पण त्याच्यापुढे तो शब्द जिथून आला ती गोष्ट लिहा. आभाळ सुंदर होतं म्हणजे कुठला रंग कुठल्या रंगाशेजारी होता? मीटिंग विचित्र झाली म्हणजे कोण काय बोललं, कोण बोलता बोलता थांबलं? कुणाचं बोलणं लिहाल तेव्हा त्यांच्याच शब्दांत लिहा. सारांश करू नका. माणसं प्रत्यक्षात कशी बोलतात हे कथा लिहिणाऱ्याला शिकवणारी याहून चांगली शाळा मला माहीत नाही.

आणखी एक खड्डा: सकाळपासून सुरुवात करणं. उठले, आवरलं, निघाले, पोचले. संध्याकाळपर्यंत येईतो दहा मिनिटं संपतात आणि सांगण्यासारखं जे होतं ते राहून जातं. दिवस क्रमाने लिहायची गरज नाही. मधूनच शिरा. जे आधी आठवलं तिथून.

## दिवसभराची टिपणं

रात्री वही उघडली आणि काहीच आठवत नाही, ही तक्रार सगळ्यांची असते. दिवसात काही घडलं नाही असं नसतं, ते निसटलेलं असतं. हेर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरं स्वतःच पाठ करून, स्वतःचीच परीक्षा घेऊन स्मृतीचा अभ्यास केला आणि तो १८८५ मध्ये प्रसिद्ध केला. विसरण्याचा वेग सुरुवातीच्या काही तासांत सर्वांत जास्त असतो, मग तो मंदावत जातो, हे त्यांनी दाखवून दिलं. अर्थ असलेल्या गोष्टी निरर्थक अक्षरांपेक्षा सावकाश पुसल्या जातात हे खरं, पण बरणी सावरणाऱ्या बाई रात्रीपर्यंत टिकतीलच याची खात्री नाही.

यावर उपाय खिशातल्या चिठ्ठीचा. दुमडलेला कागद आणि पेन्सिलीचा तुकडा जवळ ठेवा, किंवा फोनमधली एक नोंद. तिथे वाक्य लिहू नका, दोन शब्द पुरेत. ‘बरणी-वळण.’ ‘बरं मग x ३.’ रात्री ते दोन शब्द हाताला धरून मागे नेतात. दिवसाला अशी दोन-तीन टिपणं झाली तरी खूप झालं. जास्त केलीत तर जगायचं बाजूला राहून टिपतच बसाल.

चार्ल्स डार्विन यांनी आत्मचरित्रात आपला एक नियम सांगितला आहे. आपल्या निष्कर्षांच्या विरोधात जाणारी एखादी गोष्ट वाचनात आली, दिसली किंवा सुचली, की ते ती तत्काळ लिहून ठेवत. कारण अशा गोष्टी आपल्याला अनुकूल असलेल्या गोष्टींपेक्षा लवकर विसरल्या जातात, हा त्यांचा अनुभव होता. रोजच्या वहीलाही हे लागू पडतं. ज्या माणसाचा राग आला आहे त्याने आज केलेली एखादी चांगली गोष्ट, जे चित्र जमलं असं वाटतंय त्यातला न जमलेला कोपरा, हे आधी टिपा.

## कामाबद्दल कसं लिहायचं

इथे मी सर्वांत जास्त वेळ घेणार आहे, कारण नवखे लोक याच भागात सर्वांत कमी लिहितात. ‘कथेवर काम केलं.’ ‘अर्धा तास रियाज.’ ‘चित्र पुढे सरकलं.’ ही हजेरी झाली. हजेरीलाही किंमत आहे, पण तिच्यातून शिकायला काही मिळत नाही.

दुसऱ्या आठवड्यापासून ‘केलं’ आणि ‘अडलं’ या दोन ओळी थोड्या उलगडा. काय करून पाहिलं? त्याचं काय झालं? कुठे थांबले? उद्या हात पहिल्यांदा कशाला लावायचा? चारही प्रश्नांची उत्तरं रोज हवीत असं नाही, पण चौथ्याचं रोज द्या.

उत्तर जितकं ठोस, तितकं उपयोगी. छायाचित्रं काढणारा लिहील: ‘खिडकीजवळचा फोटो. शटर १/३० वर हात हलला, १/१२५ ला नीट आला पण काळोखा. उद्या तीच जागा दुपारी.’ विणकाम करणारी लिहील: ‘४८ टाके घातले, सैल पडले, उसवलं. उद्या ४४.’ कविता लिहिणाऱ्याच्या वहीत असेल: ‘तिसऱ्या कडव्यात “पाऊस” दोनदा आलाय. एक काढला की ओळ लंगडते, दोन्ही ठेवले तर कान अडखळतो.’ गाणाऱ्याने लिहावं की तान कुठल्या स्वरावर घसरते, आणि ती संथ लयीतही घसरते की फक्त द्रुत लयीत. यातलं कुठलंच वाक्य साहित्यिक नाही, आणि ते तसं असायचं कारण नाही. तरी चारही वाक्यांत काम करणारं माणूस दिसतं.

चौथ्या प्रश्नाबद्दल. काम सुरू करणं अवघड असतं ते अनेकदा कुठून सुरू करायचं हे माहीत नसल्यामुळे. काल रात्रीच्या वहीत ‘डावीकडच्या झाडाची सावली आधी, मग खोड’ असं लिहिलेलं असेल, तर आज बसल्याबरोबर ब्रश उचलता येतो. ही सूचना इतकी बारीक असावी की ती पाळायला विचार करावा लागू नये. ‘उद्या कथा पुढे न्यायची’ ही सूचना नव्हे. ‘ती दार उघडते तिथपासून, आधी तिच्या हातात काय आहे ते ठरव’ ही सूचना.

न जमलेल्या कामाची नोंद करताना एक पथ्य पाळा. स्वतःला दूषण देऊ नका, कामातला दोष लिहा. ‘मला आभाळ रंगवताच येत नाही’ या वाक्यानंतर पुढे जायला वाट नाही. ‘पहिला थर वरून वाळलेला दिसला पण हाताला गार लागत होता, म्हणजे आत ओल होती, आणि मी दुसरा हात दिला’ या वाक्यात वाट आहे. (जलरंग शिकणाऱ्यांसाठी: हाताची मागची बाजू कागदाला हलकेच लावून बघा. गार लागला तर थांबा.)

ज्या दिवशी कामाला हातच लागला नाही, त्या दिवशी तेही लिहा आणि त्याऐवजी काय केलं ते लिहा. कारण नको, सबब नको. ‘चित्र नाही. कपाट आवरलं.’ पुरे.

## काही सुचत नसेल तेव्हा

अशा दिवसांसाठी तीन-चार गोष्टी हाताशी असू द्या. आज शेवटचं हसू कशाने आलं? समोरच्या टेबलावर आत्ता काय काय आहे, डावीकडून उजवीकडे? आज कुठलं वाक्य बोलायचं राहून गेलं? नाहीतर एक यादी करा: आज ऐकलेले आवाज, वाट पाहायला लावणाऱ्या गोष्टी, घरातल्या मोडक्या पण न टाकलेल्या वस्तू. याद्यांना कमी लेखू नका. जपानी राजदरबारातल्या सेई शोनागॉन या स्त्रीने हजार वर्षांपूर्वी जे लिखाण केलं त्याचा मोठा भाग अशा याद्यांचा आहे, आणि तो आजही वाचला जातो.

## खंड पडला तर

पडेलच. आजारपण येईल, प्रवास होईल, कधी नुसताच कंटाळा येईल. वर सांगितलेल्या २०१० च्या अभ्यासात हेही दिसलं की एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यावर फारसा परिणाम होत नाही. खरा घात होतो तो नंतर. चुकलेले दिवस भरून काढायचा हट्ट धरला जातो, चार दिवसांचं लिहायचं साठतं, मग आठ दिवसांचं, आणि वहीची भीती वाटायला लागते.

मागचं भरून काढू नका. आजची तारीख टाका आणि आजच्या तीन ओळी लिहा. मधल्या दिवसांसाठी माफी मागणारं वाक्यही नको. माझ्या जुन्या वह्यांत अशी माफीची वाक्यं बरीच आहेत आणि त्यातलं प्रत्येक वाक्य म्हणजे दिसलेल्या एका गोष्टीची गेलेली जागा.

फ्रेंच चित्रकार युजीन देलाक्रवा यांनी २४ व्या वर्षी, ३ सप्टेंबर १८२२ रोजी रोजनिशी सुरू केली. १८२४ मध्ये ती थांबली. पुन्हा सुरू झाली ती जानेवारी १८४७ मध्ये. मध्ये बावीस वर्षांहून मोठा खंड. त्यानंतर १८६३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते लिहीत राहिले, आणि चित्रकाराच्या कामाचा विचार कसा चालतो हे समजून घ्यायला आज लोक त्या रोजनिशीकडे जातात. तुमचा खंड तीन आठवड्यांचा असेल.

## मागचं वाचणं

पहिला महिना मागची पानं वाचूच नका. लिहिलेलं ताजं असताना वाचलं की ते फिकं वाटतं आणि हात आखडतो. महिना झाला की एक निवांत तास काढा आणि वेगळ्या रंगाचं पेन घेऊन सगळं वाचा. दुरुस्त करायचं नाही. ज्या ओळीशी आपोआप थांबलात तिच्यापुढे समासात फुली, आणि जे पुन्हा पुन्हा येतंय त्याच्याभोवती गोल.

वह्या वेगळ्या ठेवू नका असं मी का म्हणते, ते इथे सांगते. पाच महिन्यांची पानं वाचताना माझ्या हातून ‘कागद ओला असतानाच’ या शब्दांभोवती सात गोल पडले. म्हणजे तीच चूक सात वेळा. माझा समज असा होता की मला कागद कधी वाळतो ते कळत नाही. पण त्याच सात पानांवर वरची, ‘दिसलं’ची ओळ पाहिली: शेवटची गाडी, बंद होत आलेलं दुकान, सगळे झोपल्यावर स्वयंपाकघरात उरलेला एक दिवा. सातही दिवस उशिराचे होते. मी झोपेच्या आधीच्या अर्ध्या तासात चित्र संपवायला बसत होते, आणि कागद वाळायची वाट पाहायला माझ्याकडे वेळच नव्हता. दोष घाईचा होता, नजरेचा नव्हता. मी चित्रकाम सकाळवर नेलं. चित्रांची वेगळी वही असती तर हे मला कळलं असतं असं वाटत नाही.

फुली मारलेल्या ओळींचं काय करायचं? त्यातली एक उचला आणि आठवड्यातून एकदा, दहा मिनिटांच्या बाहेरच्या वेळात, तिचं एक पान करा. बरणी सावरणाऱ्या बाईंचं पान. त्या कुठून आल्या असतील, बरणीत काय असेल, हे कल्पनेने लिहिलं तर कथेची सुरुवात होते. तुम्ही स्वतः त्या वेळी कुठे निघाला होतात हे लिहिलं तर लेखाची. चित्र काढत असाल तर तिथे एखादं रेखाटन होईल. रोजच्या नोंदीवर मात्र ‘यातून काहीतरी व्हायला हवं’ असं ओझं टाकू नका. शंभर ओळींतल्या दोन-तीन पुढे जातील. बाकीच्या ओळी म्हणजे त्या दोन-तीन दिसण्यासाठी केलेलं पाहणं.

## खासगीपणा आणि जड गोष्टी

वही कुणी वाचेल या भीतीने माणूस खोटं लिहायला लागतो, म्हणून हे आधीच मिटवा. घरच्यांना सरळ सांगा की ही वही उघडू नका. नाही जमत सांगायला, तर कुलूप, किंवा फाईलला पासवर्ड. सॅम्युएल पीप्स हा इंग्लंडच्या नौदल कारभारातला अधिकारी १६६० पासून १६६९ पर्यंत लघुलिपीत रोजनिशी लिहीत होता. ती १८१९ ते १८२२ या काळात उलगडून लिहून काढली गेली आणि १८२५ मध्ये छापायला सुरुवात झाली. लिपी काही कायमचं कुलूप नव्हे. जे कुणाच्याही हाती कधीच लागू नये असं वाटतं, ते सुट्या कागदावर लिहा आणि फाडून टाका. लिहिण्याचा उपयोग फाडल्यावरही होतो.

दुसऱ्यांबद्दल लिहाल तेव्हा वहीत मोकळेपणाने लिहा. पण त्यातलं काही चार लोकांपुढे ठेवायचं झालं, तर नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदला, आणि अगदी जवळच्या माणसाबद्दल असेल तर त्याला आधी विचारा.

मनावरचं मोठं ओझं वहीत उतरवावंसं वाटेल. जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी लागोपाठ चार दिवस, दर वेळी पंधरा मिनिटं, आपल्या आयुष्यातल्या क्लेशकारक घटनेबद्दल लिहिलं. ज्यांनी घटना आणि तिच्याबद्दलच्या भावना दोन्ही लिहिल्या, ते नंतरच्या महिन्यांत आजारासाठी आरोग्यकेंद्रात कमी वेळा गेले. पण लिहून उठल्याबरोबर मात्र त्यांना जास्त उदास वाटत होतं. म्हणून असं लिखाण झोपेच्या तोंडावर करू नका, ते मोजके दिवस करा आणि मग पुन्हा तीन ओळींवर या. लिहून ओझं वाढतंच आहे असं दिसलं तर वही मिटा आणि माणसाशी बोला, गरज असेल तर डॉक्टरांशी.

## वही भरल्यावर

पहिल्या वहीचं शेवटचं पान लिहून झालं की पानांना आकडे घाला. मग त्या कोऱ्या सोडलेल्या पहिल्या पानावर या. तिथे सुरुवातीची आणि शेवटची तारीख लिहा, आणि फुल्या मारलेल्या ओळींची अनुक्रमणिका करा, ‘बरणी, १४’, ‘ओला कागद, २२, ३१, ४०’ अशी, दोन-दोन शब्दांत. यात एखादी संध्याकाळ जाते. पुढे काही लिहायला किंवा रंगवायला बसाल तेव्हा याच पानाकडे हात जाईल. फोनवर लिहीत असाल तर या वेळी फाईलची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवा, आणि जमलं तर छापून घ्या.

मग नवी वही काढा. तिचंही पहिलं पान कोरं सोडा. दुसऱ्या पानावर जुन्या वहीतलं शेवटचं ‘अडलं’ उतरवून घ्या, त्याखाली उद्याची पहिली गोष्ट लिहा, आणि पेन आत ठेवून वही खुणेच्या जागी नेऊन ठेवा.